हेड्स अप देणारा मासळीवाला

गोव्यात आमच्या फोंड्यात घरपोच मासळी देणारे आता खूप झालेत. त्यातल्या एकाकडून आम्ही २०२० च्या लॉकडाऊनपासून घेतो, त्याच्याबद्दल लिहितेय. नाव घालणार नाही, कारण त्याचीच तशी विनवणी आहे: "काकी, नांव मात घालूं नाकात, आहेत ती गिऱ्हाइकंच आवरत नाहीत." ज्याला खरंच शोधायचाय त्याने वरच्या बाजारात "तो हेड्स अपवाला कोण?" एवढं विचारावं. कुणीतरी सांगेल.

मासळीचं आधी सांगून टाकते, कारण बाकीचं लांबणार आहे. मासळी चांगली असते. बांगड्याचा डोळा फुगीर, कल्ले लालभडक, पोटावर बोट दाबलं तर खळगा राहत नाही. सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलून, पाठीतला काळा दोरा काढून येतात. इसवणीचे, म्हणजे सुरमईचे, तुकडे तळायला हवेत की हुमणाला (कालवणाला) ते विचारतो आणि त्या जाडीने कापतो. तारले आणि वेरल्या साफ करून देत नाही. ते बरोबरच आहे, तेवढ्याशा मासळीला तेवढी मजुरी कोण लावणार? आणि हेही सांगते की ज्याला सकाळी साडेसातला मार्केटात जायला सवड आहे आणि मासळी विकणाऱ्या नुस्तेकान्नीशी चार शब्द वाजवायची हौस आहे, त्याला इतकीच ताजी मासळी ह्याच्यापेक्षा स्वस्त पडेल. बांगडे मार्केटात शंभराला आठ असतात तेव्हा हा सहा देतो. महाग आहे हे तो लपवतही नाही.

तरी मी त्याच्याकडे टिकून आहे ती त्याच्या मेसेजांमुळे.

पद्धत अशी. संध्याकाळी आठच्या सुमाराला व्हॉट्सॅपवर मेसेज येतो, उद्या काय मिळायची शक्यता आहे त्याचा. रात्री दहापर्यंत आपण सांगायचं. सकाळी तो जेटीवरून निघाला की दुसरा मेसेज, प्रत्यक्षात काय मिळालं आणि भाव काय. नको असेल तर तेव्हाही नाही म्हणता येतं. नवीन माणसांसाठी एक गोष्ट: तो ग्रुप चालवत नाही, ब्रॉडकास्ट पाठवतो. आपण त्याचा नंबर फोनमध्ये सेव्ह केला नसेल तर ब्रॉडकास्ट आपल्यापर्यंत येतच नाही. "तो मला पाठवत नाही" म्हणून रुसलेल्या दोन शेजारणींचा रुसवा मी एवढ्यावरच काढलाय. ग्रुप नसल्याचा फायदा म्हणजे रोज सकाळी "गुड मॉर्निंग"ची फुलं आणि कुणाच्या तरी मामाची शस्त्रक्रिया आपल्या माथी येत नाही.

मेसेजची सुरुवात हमखास "हेड्स अप" अशी, देवनागरीत. हा पोरगा आधी शिपवर होता, किचनात. कोविडात घरी आला तो परत गेला नाही. तिथे म्हणे मुख्य शेफ दर अर्ध्या तासाने ओरडायचा, हेड्स अप, सातच्या जेवणाला साठ माणसं जास्त. हेड्स अप, फ्रीझर नंबर दोन बंद पडतोय. मूळचा हा शब्द म्हणजे मैदानावर किंवा बांधकामावर वरून काही येत असेल तर माना वर करा म्हणून मारलेली हाक. शेफची हाक त्याच जातीची होती. ऐकल्याबरोबर कुणीतरी बटाटे जास्त सोलायला घ्यायचं, कुणीतरी दोन नंबरमधलं मटण एक नंबरमध्ये हलवायचं. आमच्या पोराने ती सवय फोंड्याला आणली.

आता नमुना बघा. एकदा रात्री आलेला मेसेज मी जपून ठेवलाय:

"हेड्स अप. उद्या पुनव. कुर्ल्या येतील, पण पोकळ निघायची शक्यता. शेकशेक करायची असेल तर आठ-दहा दिवस थांबा. ज्यांना फक्त सार करायचंय त्यांना चालतील."

कुर्ल्या म्हणजे खेकडे, आणि शेकशेक म्हणजे त्यांचं दाट कालवण. पुनवेची कुर्ली हलकी आणि अवसेची भरलेली, हे आमच्याकडे कुठलीही म्हातारी सांगेल. सासूबाई तर बाजारात कुर्ली हातात घेऊन, पाठीवर अंगठा दाबून, नाक मुरडून परत टोपलीत टाकायच्या. फोनवर मागवणाऱ्याला अंगठा दाबता येत नाही. तिथे त्याने न सांगता कुर्ल्या पाठवल्या असत्या तरी कुणी काही बोललं नसतं. पोकळ निघाल्या तर आपण नशिबाला बोल लावतो, फार तर तिथीला. कुर्ल्या तर त्याच्याकडे यायच्याच होत्या, आणि शिल्लक राहिल्या तर नुकसान त्याचंच होतं. त्या दिवशी आम्ही घेतल्या नाहीत. बऱ्याच जणांनी घेतल्या नसाव्यात.

आमच्या पणजीच्या कचेरीत हाच शब्द दिवसभर चालतो. फक्त तिथे तो उलट्या दिशेने वापरतात. शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला, मी बसमध्ये खिडकीची जागा धरून मेरशीच्या सर्कलपर्यंत पोहोचलेली असते तेव्हा, साहेबांचा मेसेज: "जस्ट अ हेड्स अप, उद्या सगळ्यांनी यायचंय." ह्यात मी काय करायचं? माझी शनिवारची कामं ठरलेली, बँकेचं, गिरणीचं, सासूबाईंच्या डॉक्टरचं. मान वर केली तर चेंडू आधीच कपाळावर आपटलेला. सोमवारी मात्र साहेब म्हणायला मोकळे, की मी कळवलं होतं. एक कुरिअरवाले आहेत, त्यांचा मेसेज रात्री नऊला येतो की आज पार्सल यायला उशीर होण्याची शक्यता आहे. रात्री नऊला शक्यता कसली उरली? दिवसभर घरी बसून वाट बघून झाली. असले मेसेज पाठवणाऱ्याच्या फायलीत ठेवण्यासाठी असतात, वाचणाऱ्याच्या काही कामाचे नसतात.

मासळीवाल्याचे मेसेज मी हेच एक माप लावून बघते. वाचल्यावर मला काही बदलता येतं का, आणि बदलायला वेळ उरतो का. बहुतेक वेळा दोन्ही असतं.

नणंद पुण्याहून आली होती, नणदोई आणि त्यांचे दोन मित्र बरोबर. मे महिना, घरात पंख्याखाली गाद्याच गाद्या. पुण्याच्या माणसाला गोव्यात आलं की पापलेट हवं असतं, ही काही तक्रार नाही, वस्तुस्थिती आहे. मी पापलेट सांगून ठेवलं. रात्री सव्वानऊला ब्रॉडकास्ट सोडून मला वेगळा मेसेज आला:

"काकी, हेड्स अप. पापलेट सांगितलंय तुम्ही. मालीमला दोन दिवस बरं पापलेट नाही. जे आहे ते बाहेरून आलेलं, बर्फातलं. सांगाल तर आणतो, पण तुम्हाला आवडायचं नाही. मुडदोशी आहे, आजच उतरलेली. दहापर्यंत सांगा."

मालीम म्हणजे पणजीजवळची जेटी. आता मेसेज बारकाईने वाचा. काय होणार नाही ते सांगितलं, का ते सांगितलं, त्याऐवजी काय मिळेल ते सांगितलं, आणि माझ्याकडे किती वेळ आहे तेही. पाऊण तास होता. तेवढ्यात मी नणंदेला विचारलं. तिचा चेहरा पडला, कारण मित्रांपुढे पापलेट म्हणजे पापलेट. मी मुडदोशी सांगितली. दुसऱ्या दिवशी मीठ, हळद, तिखट, थोडं कोकमाचं आगळ चोळून, बारीक रव्यात घोळवून तळली. मुडदोशी लांबट, बोटांसारखी, पांढरं मांस आणि काटे फार नाहीत, तेव्हा नवख्यालाही जमते. तव्यावरून ताटात पडेपर्यंत मित्रांपैकी एकाने तीन खाल्ल्या आणि हा मासा पुण्यात कुठल्या नावाने मिळतो ते विचारलं. नणंद मात्र अजून म्हणते की पापलेट असतं तर बरं झालं असतं. असू दे. तिला बर्फातलं पापलेट घातलं असतं तर तिने ते वीस वर्षं सांगितलं असतं.

"बाहेरून आलेलं" हा शब्द तो प्रत्येक वेळी लिहितो, त्याचं मला विशेष वाटतं. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारात आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून जे रामायण झालं, ते गोव्यात कुणी विसरलेलं नाही. परराज्यातल्या मासळीला काही दिवस राज्यात यायलाच बंदी झाली. प्रेतं टिकवायचं औषध माशात, एवढं एकच वाक्य पुरेसं होतं. आमच्याकडे कितीतरी दिवस नुसतं सोलकढी-भात चालला होता. तेव्हापासून मासळी कुठली हे विचारायची सवय लागली, आणि विचारलं की विकणारा "गोंयचीच" म्हणणार हेही ठरलेलं. हा पोरगा सकाळच्या मेसेजात प्रत्येक माशापुढे जागा लिहितो: मालीम, कुटबण, खारीवाडा, दुर्भाट, किंवा बाहेरची. "बाहेरची" लिहिलेली मासळी तो कमी भावाने देतो आणि ती घेणारेही असतात. मोठ्या जेवणावळीला कुणी जागा बघत बसत नाही.

जागेवरून वेळही कळते. मालीमहून फोंड्याला यायचं तर वाटेत जुने गोवे लागतं. डिसेंबराच्या सुरुवातीला, सेंट झेवियरच्या फेस्ताच्या आसपास तिथे वाहनं मुंगीच्या पावलाने चालतात. २०२४ च्या नोव्हेंबरपासून तिथे झेवियरच्या शवाचं प्रदर्शन होतं, ते ५ जानेवारी २०२५ पर्यंत, तेव्हा तर विचारूच नका. त्या दिवसांत त्याने आधीच कळवलं होतं की मालीम सोडून कुटबणहून आणतो, मडगाव करून बोरीच्या पुलावरून, त्यामुळे अर्धा तास उशीर, आणि माणक्या (म्हाकूळ) मिळतीलच असं नाही. कळवल्याप्रमाणे अर्धा तासच उशीर झाला. माणक्या मिळाल्या नाहीत.

पण ह्या सेवेची खरी परीक्षा पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरना बंदी. मासे अंडी घालतात, समुद्र खवळलेला असतो, दोन्ही कारणांनी ती हवीच. मे महिना लागला की त्याचा पहिला मेसेज येतो, पुरुमेंताचा. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, हे गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी. खारे बांगडे, सुकी सुंगटं, गालमो (सुका जवळा), सुके दोडयारे, कोकमं, सगळं आभाळ भरून यायच्या आत घरात हवं. तो सुकी मासळी दाखवायला फोटो पाठवत नाही, ते मला आवडतं, कारण फोटोत सगळंच सुकलेलं दिसतं. लिहितो, "ह्या आठवड्याचे बांगडे दोन उन्हं कमी खाल्लेले, पुढच्या आठवड्यात घ्या." पुढच्या आठवड्यात घेतलेले बांगडे श्रावण लागेपर्यंत टिकले, डब्याला बुरशीचा वास नाही.

मग जूनमध्ये दुसरा, तो मला फार मोलाचा वाटतो. पूर्व किनाऱ्याची बंदी आपल्या आधी असते, १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे आपल्याकडे समुद्र बंद असताना जूनच्या मध्यापासून तिकडचा सुरू होतो आणि तिकडची मासळी बर्फात घालून ट्रकांनी इकडे यायला लागते. जुलैत ताटात इसवण दिसली की आपण खूश होतो, ती कुठून आली हे विचारत नाही. त्याने एका जूनमध्ये हे सगळं चार ओळींत लिहून पाठवलं आणि खाली: "मी आणीन, पण 'बाहेरची' लिहून आणीन. ताजं हवं असेल तर नदीचं खा." नदीचं म्हणजे शेवटे, काळुंदरां, नशिबात असेल तर चणक, आणि खुबे, तिसऱ्या. दुर्भाट आणि बोरीकडचे लोक त्याला देतात. पावसाळ्यातल्या शेवट्याचं आंबटतीख, वर त्रिफळं, भाताबरोबर. मला तर बंदी उठते तेव्हा थोडं वाईटच वाटतं.

बंदी उठली तरी आमच्यासारख्यांची कुठे उठते? २०२५ मध्ये श्रावण २५ जुलैला लागला आणि बंदी उठली ती महिनाअखेरीस. तोवर घरात शिवराक, म्हणजे मासळीशिवायचं जेवण, सुरू. तेही थेट चवथीचा गणपती पाण्यात जाईपर्यंत. इथे त्याने जे केलंय ते मी कुठल्याही मोठ्या कंपनीच्या ॲपात पाहिलेलं नाही. पहिल्या वर्षी त्याने प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारला: तुमचा गणपती किती दिवसांचा? दीड, पाच, सात, नऊ, अकरा, आणि श्रावण न पाळणारे, अशा त्याने याद्या केल्या. आता विसर्जनाच्या आदल्या दिवशी त्या त्या यादीला मेसेज जातो की उद्या गणपती पोचवून आल्यावर परवाची मासळी सांगायची तर आत्ताच सांगा, कारण दीड दिवसवाले सगळे एकाच सकाळी मागतात आणि इसवण संपते. श्रावणभर आम्हाला एकही मेसेज येत नाही. सासूबाईंच्या नजरेला चुकूनही सुंगटाचं नाव पडत नाही.

एका संकष्टीच्या आदल्या रात्री आमच्या ह्यांनी परस्पर सुंगटं मागवली होती. उत्तर आलं, "काका, हेड्स अप. उद्या संकष्टी. आजींना विचारलंय ना?" काकांनी विचारलं नव्हतं. ऑर्डर गुपचूप रद्द झाली.

आणि तौक्ते चक्रीवादळ. २०२१ चा मे, त्यात करोनाचा कर्फ्यू, लोक आधीच दिसेल ते साठवत होते. हवामान खात्याचे इशारे येत होते, मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका, बाहेर असाल तर परत या. खात्याच्या रंगांचा अर्थ बहुतेकांना अजून नीट माहीत नसतो: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. टीव्हीवर रंग दिसतो आणि आपण चहा ढवळत राहतो. शुक्रवारी ह्याचा मेसेज आला, मला आठवतो तो असा: "हेड्स अप. बोटी आत आल्यात. शनिवार, रविवार, सोमवार मासळी नाही. आज आहे ती आजच खाण्यापुरती घ्या. फ्रीझरात भरून ठेवू नका, वीज जाईल आणि लवकर येणार नाही. त्यापेक्षा पाणी भरा."

त्या दिवशी त्याच्याकडे मासळी होती. पुढचे तीन दिवस धंदा बंद राहणार हेही त्याला ठाऊक होतं. गिऱ्हाईक घाबरलेलं, जितकी देशील तितकी घ्यायला तयार. दुप्पट विकून मोकळा झाला असता. रविवारी १६ तारखेला वादळ किनाऱ्याजवळून गेलं, झाडं पडली, खांब पडले, गोव्यात कितीतरी ठिकाणी वीज दिवसेंदिवस नव्हती. आमच्या मागच्या बंगल्यात कुणाकडून तरी घेतलेली इसवण डीप फ्रीझरात ठासून भरली होती. तिसऱ्या दिवशी त्यांच्या माळ्याने ती माडाच्या आळ्यात पुरली. आम्ही खारा बांगडा भाजून पेज खात होतो आणि बादल्या भरलेल्या होत्या.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाही. मेसेजच करा म्हणतो, आणि मेसेजला उत्तर कधी एका मिनिटात, कधी दीड तासाने. काही बिघडलं तर पैसे परत देतो, वाद न घालता, पण पुढच्या बिलात वळते करतो, हातात देत नाही. कमीत कमी ऑर्डरची अट आहे, त्यामुळे एकटीदुकटी राहणारी म्हातारी माणसं बाहेर पडतात. हे मी त्याला बोलले आहे. त्यांना शेजाऱ्याबरोबर मिळून मागवायला सांगतो. सगळ्यांचे शेजारी तसे नसतात.

डिसेंबरात मेसेज फार होतात. एका दिवसात सकाळी खेकड्यांचा, दुपारी रस्त्याचा, संध्याकाळी नाताळच्या आगाऊ ऑर्डरींचा, रात्री त्यात दुरुस्तीचा. चारही कामाचे असले तरी माणूस तिसऱ्यानंतर वाचत नाही, आणि नेमका चौथ्यात भाव असतो. शिवाय त्याला हा शब्द इतका आवडतो की त्याला मुलगी झाली तेव्हाही "हेड्स अप, मुलगी झाली" असंच आलं. अभिनंदन सगळ्यांनी केलं. पण ती हाक राखून वापरलेली बरी. होता होता लोक शिंगाडा माशाचा आणि वादळाचा मेसेज एकाच डोळ्याने वाचायला लागतील.

सगळ्यात मोठी गंमत त्याच्या डिलिव्हरीच्या पोराची. पहाटेपासून इतक्या सूचना, आणि शेवटच्या दहा पावलांना सूचनाच नाही. मी पणजीच्या बसला गेलेली असते, घरी सासूबाई, त्यांना मेसेज वाचता येत नाही. पोरगा स्कूटरवरून येतो, पिशवी गेटाला अडकवतो आणि जातो. मांजरांना कळतं, आम्हाला नाही. आमचा पदेर, म्हणजे पाववाला, बघा, सायकलवरून दोन गल्ल्या अलीकडून पों-पों करत येतो. सासूबाईंना पदराने हात पुसून, पैसे घेऊन, चपला घालून गेटाशी यायला बरोबर तेवढाच वेळ मिळतो. मी मासळीवाल्याला म्हटलं, मला फोनवर दहा मेसेज नकोत, आजींना एक हॉर्न दे. त्याने मानलं. आता पोरगा हॉर्न वाजवतो, पण गेटाशी उभा राहून, आणि आजी मागच्या अंगणात असल्या तर पुन्हा पंचाईत. मांजराने अलीकडे एकदाच डल्ला मारलाय, तेव्हा सुधारणा आहे म्हणायची.

कुणी घ्यावी ही सेवा? ज्यांचं जेवण आदल्या रात्री ठरतं त्यांनी. ज्यांना सकाळी उठून जे मनात येईल तेच हवं असतं, त्यांनी मार्केट गाठावं, इथे त्यांची चिडचिड होईल. दहा म्हणजे दहा. दहा वाजून पाच मिनिटांनी पाठवलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, आणि ते "सॉरी काकी" असतं. पाहुणे येणार असतील तर किती जण आणि कुठले तेही कळवा, तो विचार करून सुचवतो. लग्नाकार्याच्या मोठ्या ऑर्डरी निदान आठवडाभर आधी लागतात, त्या तो आईला विचारल्याशिवाय घेत नाही, आणि खरं तर मासळीतलं जास्त तिलाच कळतं.

अख्खी इसवण घेणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: डोकं आपल्याकडे द्यायला स्पष्ट सांगा. न सांगितलं तर आपल्याला नको असेल असं धरून तो ते स्वतःकडे ठेवतो. हुमणाला चव येते ती डोक्यानेच, हे त्याच्या आईला पुरतं माहीत आहे, आणि ह्याबद्दलचा हेड्स अप त्याने आजवर कुणाला पाठवलेला नाही.